हिप्पी पिढी : एका निवाड्याचे पुनर्वाचन

आमच्या लहानपणी मुलाने केस मानेखाली वाढवले, की वडीलधारी मंडळी 'हिप्पी' म्हणून त्याला दटावीत. हा शब्द आम्हांला शिवी म्हणूनच ठाऊक झाला. त्यामुळे जोन डिडियन ह्या अमेरिकन लेखिकेचा 'स्लाउचिंग टुवर्ड्स बेथलेहेम' हा १९६७ सालचा लेख प्रथम वाचला, तेव्हा आमचे पूर्वग्रह सुखावले.

येट्सच्या एका कवितेवरून शीर्षक घेतलेला हा लेख सॅन फ्रान्सिस्कोतील हेट-ॲशबरी वस्तीचे चित्र रेखाटतो. घर सोडून आलेली मुले, मादक द्रव्ये आणि अखेरीस आईनेच एलएसडी दिलेली पाच वर्षांची मुलगी! डिडियन उपदेश करीत नाहीत, पाहिले ते सांगतात. मोठ्यांच्या मुक्तीची किंमत लेकराने मोजली, हे त्यांनी दाखवलेले सत्य आजही खोडून काढता येत नाही.

तथापि पुनर्वाचनात लेखाची मर्यादा जाणवते. एका वसंत ऋतूत पाहिलेल्या दृश्यांवरून येथे साऱ्या पिढीचा निवाडा सुचवला जातो. त्याच वर्षी जूनमध्ये डॉ. डेव्हिड स्मिथ ह्यांनी त्याच वस्तीत निःशुल्क दवाखाना उघडला. आरोग्यसेवा ही मेहेरबानी नसून हक्क आहे, अशी त्यामागील भूमिका होती. पुढे अमेरिकेत असे शेकडो दवाखाने निघाले. २२ एप्रिल १९७० रोजी पहिल्या वसुंधरा दिनात सुमारे दोन कोटी लोक सहभागी झाले. त्याचे प्रवर्तक सिनेटर गेलॉर्ड नेल्सन हिप्पी नव्हते. परंतु साधे राहावे, निसर्गाला जपावे, ही ओढ त्या पिढीने तरुणांत रुजवली होती.

ह्या वारशाची दुसरी बाजूही आहे. रोनाल्ड रेगन ह्यांनी १९६६ साली बर्कलीतील विद्यार्थ्यांच्या बेशिस्तीवर टीका करीत कॅलिफोर्नियाचे गव्हर्नरपद जिंकले. १९८० साली ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. तरुणांच्या स्वैर वर्तनाची मध्यमवर्गाने घेतलेली धास्ती त्यांच्या राजकारणाला पोषक ठरली. संघटित राजकारणाकडे पाठ फिरवणाऱ्या अनेक हिप्पींनी राजकारणाचे मैदान असे इतरांना मोकळे करून दिले.

प्रेमाच्या घोषणा विरल्या. जेथे कोणी रोज सकाळी दवाखान्याचे दार उघडले, तेथे काम टिकले. डिडियन ह्यांचा लेख पालकांनी अवश्य वाचावा. मात्र तो वाचून आपल्या घरातील केस वाढवलेल्या मुलाचा निवाडा करण्यापूर्वी, तो हातांनी काय करीत आहे, हेही पाहावे. आम्ही स्वतः ते पुष्कळ उशिरा शिकलो.