तिसऱ्या माणसाचे पुस्तक

भारतातून आईवडील आले की नायगारा, लिबर्टीचा पुतळा आणि वॉशिंग्टनचे एअर अँड स्पेस म्युझियम ही यात्रा आपल्यापैकी कुणालाच चुकलेली नाही. माझे सासरे आले तेव्हा अपोलो ११ चे 'कोलंबिया' यान पाहताना त्यांनी विचारले, "दोघे खाली उतरले, मग हा तिसरा वर काय करत होता?" मी म्हटले, "घिरट्या घालत होता." उत्तर चूक नव्हते, पण देताना माझे मलाच ते अपुरे वाटले.

त्या तिसऱ्याने, मायकेल कॉलिन्सने, १९७४ साली 'कॅरीइंग द फायर' हे पुस्तक लिहून या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. (१९७६ मध्ये म्युझियमची ती इमारत उघडली तेव्हा संचालकही तोच होता.) लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत घेतलेली माझी प्रत काही वर्षे बेसमेंटमध्ये पडून होती. सासरे परत गेल्यावर ती वर आणली.

अंतराळवीरांची बरीच आत्मचरित्रे दुसऱ्याच्या हातून उतरतात. हे कॉलिन्सने स्वतः लिहिले आहे आणि ते पानोपानी जाणवते. टेस्ट पायलटची सवय म्हणजे जे घडले ते नोंदवायचे, मग त्यात आपली फजिती का असेना. जुलै १९६६ मध्ये जेमिनी १० मधून बाहेर पडून तो शेजारच्या एजेना यानाकडे गेला, तो प्रसंग मुळातूनच वाचावा. अंतराळात तरंगणे म्हणजे पोहण्यासारखे काहीतरी सुखाचे असावे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तिथे पाय रोवायला काही नाही, धरायला धड कडी नाही. एका वस्तूला ढकलावे तर आपणच मागे जातो. पहिल्या खेपेला त्याची पकड सुटली. दुसऱ्या खेपेला उल्काकण टिपणारी पेटी हाती आली, पण या धांदलीत कॅमेरा मात्र कायमचा निसटला. न्यूटनचा तिसरा नियम मी बारावीत घोकला होता; तो अंगावर आला तो या पानांत.

अपोलोच्या प्रकरणांतही शरीर त्याला विसरता येत नाही. फ्युएल सेलमधून मिळणाऱ्या पिण्याच्या पाण्यात हायड्रोजनचे बुडबुडे असत आणि तिघांच्या पोटात वायू धरे. चंद्राकडे निघालेल्या माणसाची ही तक्रार तो हसत हसत सांगतो. याच लेखणीतून चंद्राच्या काळोख्या बाजूचे वर्णन येते तेव्हा त्यावर विश्वास बसतो. तिथे चंद्र दिसत नाही. आकाशाच्या एका भागात तारे नाहीत, म्हणून तिथे चंद्र आहे असे समजायचे.

पृथ्वीशी संपर्क तुटलेली प्रत्येक फेरीतली ती ४८ मिनिटे पुढे फार गाजली. आदमनंतर इतका एकटा माणूस झाला नाही, असे त्या वेळी ह्यूस्टनहून म्हटले गेले आणि पत्रकारांनी ते उचलून धरले. कॉलिन्स मात्र म्हणतो की मला एकटे वाटलेच नाही. ठीक चाललेले यान, गरम कॉफी आणि समाधान. माझ्या मते पुस्तकाचा गाभा इथे आहे. भीती त्याला होती, पण एकांताची नव्हती. चांद्रयानाचे वर चढण्याचे इंजिन एकच. ते पेटले नाही तर खाली जाऊन मित्रांना आणण्याची सोय नाही. मग एकट्याने घरी परतायचे, आणि जन्मभर 'एकटा परत आलेला' म्हणून ओळखले जायचे! उड्डाणाआधीचे सहा महिने ही धास्ती त्याने मनात दाबून ठेवली होती.

गळ्यात अडकवलेल्या वहीत भेट चुकली तर काय करायचे याचे अठरा प्रकार लिहिलेले होते. सगळे सुरळीत झाले तरी सुमारे ८५० वेळा कॉम्प्युटरची बटणे दाबायची, म्हणजे चुकण्याच्या तितक्याच संधी. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचताना घाम फुटतो. बरोबर चालणारा मार्ग एक आणि बिघाडाचे मार्ग अठरा, हे प्रमाण मला फार ओळखीचे आहे. फक्त आमच्याकडे बिघाड झाला की रात्री फोन येतो, मित्र चंद्रावर राहत नाहीत.

पुस्तकात उणिवा आहेत. ट्रेनिंगची प्रकरणे लांबली आहेत आणि आद्याक्षरांच्या जंगलात सामान्य वाचक दमतो. सहकाऱ्यांवर तो मोकळेपणाने शेरे मारतो, पण घराविषयी हात राखून लिहितो. त्याने दाबलेली धास्ती पत्नी पॅटच्या वाट्याला कशी आली, हे आपल्याला अंदाजानेच समजून घ्यावे लागते. परदेशी आलेल्या, वाईट बातमी फोनवर नीट न सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे मौन कळते. तरीही इतक्या स्पष्ट बोलणाऱ्या लेखकाने ते पाळावे, हे मला खटकले.

कॉलिन्स २८ एप्रिल २०२१ रोजी वारला. समुद्रातून उचलल्यावर, हॉर्नेट या जहाजावर असताना तो पुन्हा एकदा कोलंबियात शिरला होता आणि आतल्या पॅनेलवर त्याने पेनने चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. तयार झालेल्या यानांत हे सर्वांत चांगले, अशा अर्थाच्या. खाली सही. सासऱ्यांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग तेव्हा दाखवलं का नाहीस?" नंतर मी पुन्हा गेलो, काचेतून बराच वेळ डोकावलो. मला ते अक्षर दिसले नाही.