गाठीची उपासमार : उपमा किती खरी?

‘रक्तपुरवठा तोडा, गाठ उपाशी मरेल.’ कर्करोगाविषयी वर्गात बोलताना हे वाक्य आम्हीही अनेकदा वापरले आहे. ते मुलांना चटकन पटते, म्हणूनच ते तपासून घ्यायला हवे.

रक्तवाहिनीच्या आतील बाजूस सपाट पेशींचा एकेरी थर असतो. या अंतःस्तर पेशी एरवी क्वचितच विभागतात. प्राणवायू कमी पडलेली गाठ मात्र ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन सोडते. मग त्या विभागू लागतात आणि गाठीकडे नव्या केशवाहिन्या फुटतात. अशा वाहिन्यांवाचून गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढत नाही, असे अमेरिकन शल्यविशारद जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. उपमेचा उगम येथे आहे.

पुढे काय झाले? व्हीईजीएफला अडवणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबला अमेरिकेत २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. स्तनाच्या कर्करोगासाठी नंतर दिलेली मान्यता मात्र २०११ मध्ये काढून घेतली गेली. रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. वसईत नळ आटला की माणूस बावखलाकडे वळायचा. गाठही दुसरी वाट शोधते.

आता परळचे उदाहरण पाहू. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये डोके व मानेच्या, बरा न होणाऱ्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. आठवड्याला मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब, अशा स्वस्त गोळ्या घेणारे रुग्ण मध्यमानाने ७.५ महिने जगले. सिस्प्लॅटिन शिरेतून घेणारे ६.१ महिने. तीव्र दुष्परिणामही गोळ्यांनी कमी झाले. विरारहून लोकलच्या गर्दीत परळ गाठणाऱ्या रुग्णाला घरी घेता येणाऱ्या गोळीचे मोल सांगायला नको.

तरीही दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. फायदा सुमारे दीड महिन्याचा आहे, आणि तुलना एकट्या सिस्प्लॅटिनशी आहे. दुसरे अधिक महत्त्वाचे : लहान मात्रा वारंवार दिल्यास अंतःस्तर पेशींना आळा बसतो, हा या उपचारामागील एक तर्क. पण रुग्ण अधिक जगले, एवढ्यावरून तो तर्क सिद्ध होत नाही. औषध लागू पडणे वेगळे, ते का लागू पडले हे कळणे वेगळे.

उपमा टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. ती सांगून झाल्यावर मुलांनी ‘कशावरून?’ असे विचारावे आणि आपण त्या प्रश्नाला वेळ द्यावा, इतकेच.