आजीच्या खोलीचे दार

भयकथेची खरी परीक्षा चार माणसांत होत नाही. तिला रात्र हवी आणि पाहणारा घरी एकटा हवा. गेल्या महिन्यात कुटुंब गावी गेले असता भिलाईच्या क्वार्टरमध्ये मला अशी रात्र लाभली. कारखान्याची दूरची घरघर तेवढी सोबतीला होती. ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन मालिकेतील ‘ग्रॅमा’ हा जुना भाग मी लावला. १४ फेब्रुवारी १९८६ रोजी तो प्रथम दाखविला गेला. मूळ कथा स्टीफन किंग यांची. पटकथा हार्लन एलिसन यांची.

कथानक अगदी लहान आहे. थोरला मुलगा इस्पितळात, म्हणून आईला जावे लागते आणि धाकटा जॉर्जी अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी एकटा उरतो. तिने मागितला तर चहा नेऊन द्यायचा, एवढेच काम. पूर्वार्धातील भीती या क्षुल्लक कामातूनच उपजते, आणि ती अस्सल आहे. उत्तरार्धात मात्र दिग्दर्शकाला दाखविण्याचा मोह आवरत नाही. शिवाय मुलाच्या मनातील प्रत्येक विचार आपल्याला ऐकविला जातो. त्यामुळे शांततेला जागाच उरत नाही. बंद दारामागे जे भयंकर होते, ते दार उघडल्यावर केवळ विद्रूप होते.

याच बीजावर नारायण धारप (१९२५–२००८) यांनी ‘आजी’ ही कथा लिहिली. शीर्षकाचा हा फरक लहान नव्हे. आपल्याकडे आजी म्हणजे गोष्ट सांगणारी. तीच गोष्टीतले भय झाली की मुलाने आसरा कोणाकडे मागावा? १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात राही अनिल बर्वे यांना एका मित्राने धारपांची कथा ऐकविली, आणि त्यातून पुढे २०१८ चा ‘तुंबाड’ उभा राहिला. तेथेही आई जखमी भावाला घेऊन जाते व विनायक म्हातारीपाशी राहतो. तिला निजविणारे ‘हस्तर’ हे नाव किंगच्या कथेतील ‘हास्तुर’चेच रूप आहे; अँब्रोज बिअर्सच्या कथेत तर हास्तुर हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. ‘तुंबाड’ने या भीतीला लोभाची जोड दिली. चित्रपट म्हणून तो अधिक समृद्ध आहे. परंतु चहाच्या पेल्याची साधी भीती त्यात मागे पडली.

ती भीती मला परिचयाची आहे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आई मला आजीपाशी ठेवून बाहेर गेली होती. माजघरातून आजीने दोनदा पाणी मागितले. मी ओसरीवर कानांत बोटे घालून मोठ्याने पाढे म्हणत राहिलो. आई परतली आणि म्हणाली, “आजीला पाणी दिलंस का रे?” मी “हो” म्हणालो. आजी जागी होती. ती काही बोलली नाही.

जॉर्जीची आजी चेटकीण निघते, आणि त्याच्या किळसेला समर्थन मिळते. माझ्या नाराजीचे मूळ येथे आहे. आजारी म्हाताऱ्या माणसाची भीती वाटणे ही मुलाची स्वाभाविक दुर्बलता. तिला राक्षस पुरवून लेखक तिची सोडवणूक करतो. आजी केवळ तहानलेली असती, तर ही कथा अधिक भयाण झाली असती.

बदलीच्या गावी एकट्याने राहणाऱ्या वाचकांनी हा भाग जरूर पाहावा. मात्र गावी कोणी म्हातारे माणूस असेल, तर आधी फोन करून घ्यावा. मी नंतर केला. रात्र फार झाली होती, आईने उचलला नाही. सकाळी उचलला.