थोरल्या भावंडांचे मराठी पुस्तक

इ. स. १८७४ साली पुण्यात एक लहानसे हिब्रू-मराठी पुस्तक छापले गेले. त्याचे नाव हागादा. मोशे याकोब तळकर आणि आरोन दानिएल तळकर या बेने इस्राएल गृहस्थांनी ते सिद्ध केले. त्यातील एका चित्रात सणाच्या बेखमीर भाकरी, म्हणजे मट्झा, करणाऱ्या स्त्रिया दिसतात. त्या नेसल्या आहेत लुगडी! इजिप्तमधून निघालेल्या लोकांची कथा मराठी स्वयंपाकघरात किती सहज येऊन बसली, हे त्या एका चित्रावरून कळते.

हागादा म्हणजे कथन. पेसाह अथवा वल्हांडण सणाच्या रात्री यहुदी कुटुंब जेवणाच्या ताटाभोवती बसून हे पुस्तक वाचते. घरातील धाकटे मूल विचारते, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सारे पुस्तक होय. कडू भाजी दास्याची आठवण देते, तर बेखमीर भाकर घाईने निघाल्याची. दहा पीडांची नावे घेताना द्राक्षारसाचे थेंब प्याल्याबाहेर टाकतात. शत्रूच्या दुःखाने आपला प्याला उणा व्हावा, असा त्याचा एक अर्थ सांगितला जातो. परमेश्वर एकच आहे, त्याने आब्राहामाशी करार केला, दास झालेल्यांना सोडविले, सीनाय पर्वतावर तोरा दिली आणि मसीहाच्या दिवसाची वाट पाहण्यास शिकविले, हा यहुदी श्रद्धेचा गाभा या एका रात्रीत येऊन जातो. विशेष म्हणजे मोशेचे नाव या पुस्तकात जवळजवळ येतच नाही. सोडविणारा परमेश्वर, माणूस निमित्तमात्र.

ज्यांच्यासाठी हे पुस्तक छापले, तो बेने इस्राएल समाज कोकणातला. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेलाचे घाणे चालवावेत आणि शब्बाथ म्हणून शनिवारी ते बंद ठेवावेत. यावरून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. धर्मग्रंथ हाती नसताना त्यांनी सुंता, शब्बाथ आणि सण पाळले. त्यांच्या जुन्या सणांत पेसाहची ओळख आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण अशी होती. भांडे झाकण्याची चाल टिकली होती; ते का झाकायचे, हे सांगणारे कथन मात्र हाती नव्हते. हे कथन मराठीतून घराघरांत पोहोचविणे, हे हागाद्याचे खरे कार्य.

या कामात ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही हात लागला. एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सन आदींच्या शाळांतून बेने इस्राएल मुले हिब्रू शिकली, मराठी बायबल त्यांच्या हाती आले. शिकविणाऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. शिकणारे मात्र बहुतेक सारे यहुदीच राहिले. किंबहुना अधिक जाणते यहुदी झाले. हे वाचून आम्हांला खंत वाटत नाही. परमेश्वराच्या योजना आमच्या योजनांहून मोठ्या असतात.

आता आमच्या वाचनातील दोषाविषयी. हागादा हाती येताच आम्ही ख्रिस्ती लोक त्यात प्रभूचे शेवटचे भोजन शोधू लागतो. परंतु येशूच्या काळी हे पुस्तक आजच्या स्वरूपात नव्हते. तेव्हा यरुशलेमात मंदिर उभे होते, वल्हांडणाच्या कोकराचा बळी दिला जात होता. इ. स. ७० मध्ये मंदिराचा विध्वंस झाला, त्यानंतर बळीची जागा कथनाने घेतली. मुलाच्या प्रश्नांचे मूळ मिश्ना या ग्रंथात आहे आणि त्याचे संकलन सुमारे इ. स. २०० चे. म्हणून हागादा ही आपल्या मिस्साची प्रस्तावना नव्हे. मंदिर गेले तरी श्रद्धा न गेलेल्या एका जिवंत धर्माचे ते पुस्तक आहे. यहुदी धर्म जुन्या कराराच्या शेवटच्या पानावर संपला, असे समजणे हे अज्ञान होय. आम्ही स्वतः कितीतरी वर्षे प्रवचनांत 'परुशी' हा शब्द 'ढोंगी' याच अर्थाने वापरला, हे येथे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली यहुदी लोकांविषयीच्या तिरस्काराचा निषेध केला, १९८६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोमच्या सिनेगॉगमध्ये त्यांना थोरले भाऊ म्हटले. आमच्या व्यासपीठावरील भाषा मात्र मागेच राहिली.

पुस्तकाला मर्यादाही आहेत. हागादा वाचून तालमूदातील वादविवादांचा व्याप कळत नाही. परराष्ट्रांवर कोप ओतण्याची त्यातील याचना आमच्या कानांना कठोर वाटते. पण ती कोणाच्या छळातून उमटली, हे युरोपच्या इतिहासाला विचारावे. त्या छळात आपलेही लोक होते.

वडवणीत बसून हे पुस्तक वाचताना आम्हांला वेगळेच काही दिसले. दिवाळीच्या सुमारास येथील कितीतरी कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. माणसाचे नाव हत्याराला जाते. उन्हाळा लागताना, पेसाह आणि पुनरुत्थानाचा सण जवळ येतो त्याच दिवसांत, ती माणसे घरी परततात. प्रत्येक पिढीने आपण स्वतःच इजिप्तमधून निघालो असे मानावे, असे हागादा शिकवितो. ही शिकवण येथे समजावून सांगावी लागत नाही.

हागाद्यात चार पुत्र आहेत. चौथ्याला प्रश्नच विचारता येत नाही. त्याच्यासाठी वडिलांनी आपणहून बोलण्यास आरंभ करावा, असे सांगितले आहे. आपल्या घरांतील मुले रविवारी गप्प बसून मिस्सा ऐकतात आणि गप्पच घरी जातात. १९४८ नंतर बेने इस्राएल समाजाचे बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. ज्यांच्याकडून हे शिकायचे, ते शेजारी आता थोडेच उरले आहेत. त्यांचे हे मराठी पुस्तक मात्र आहे. येत्या पवित्र गुरुवारी, प्रभूभोजनाच्या मिस्सानंतर, प्रत्येक घरात एका तरी मुलाला प्रश्न विचारू द्यावा. आणि उत्तर धर्मगुरूवर न सोपविता आईवडिलांनी द्यावे.