छात्रालयातली रात्र : ‘श्यामची आई’ आणि खानदेशातले साने गुरुजी

‘श्यामची आई’विषयी मराठीत दोन पक्ष फार जुने आहेत. एकाला त्यात मातृप्रेमाचे महन्मंगल स्तोत्र दिसते, तर दुसऱ्याला अश्रूंचा महापूर. पहिला पक्ष पुस्तक देव्हाऱ्यात ठेवतो, दुसरा बालवयात वाचून विसरण्याच्या यादीत. गंमत अशी की दोघेही पुस्तकातली आईच तेवढी पाहतात. १९५३ साली अत्र्यांचा चित्रपट आला, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि वनमालाबाईंच्या चेहऱ्याने ही आई महाराष्ट्राच्या मनात कायमची बसली. पण पुस्तक उघडताच आधी भेटते ती आई नव्हे. आधी भेटतो दिवसभराचे काम आटोपून प्रार्थनेनंतर बसलेला एक घोळका आणि त्यांना गोष्ट सांगणारा एक मोठा माणूस. प्रकरणांना ‘प्रकरण’ म्हटलेले नाही. ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशा बेचाळीस रात्री आहेत. हा सांगणारा कोण आणि त्याला ही सवय कुठे लागली, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर पालगडात सापडत नाही. ते अमळनेरात आणि धुळ्यात सापडते.

पांडुरंग सदाशिव साने अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिराच्या ओढीने. प्रताप शेठजींच्या गिरणीच्या या गावात १९१६पासून तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची ही संस्था उभी होती. शंकराचार्य आणि हेगेल यांच्या सहवासात त्यांचे मन फार रमले नाही. १९२४ साली ते गावातल्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात (पुढचे प्रताप हायस्कूल) शिक्षक झाले, छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९३०च्या उन्हाळ्यात नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. म्हणजे सारी मास्तरकी भरते जेमतेम सहा वर्षांची. त्यानंतर ते कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर परतले नाहीत, तरी नावामागचे ‘गुरुजी’ जन्मभर राहिले. तीस-पस्तीस वर्षे खडू झिजवून ‘सर’ म्हणूनच निवृत्त होणाऱ्यांना याचा थोडा हेवा वाटला तर दोष देता येणार नाही.

या सहा वर्षांबद्दल आपण काय सांगत आलो? मुलांच्या खोल्या ते झाडत, अंथरुणांच्या घड्या घालत, आजारी पोराच्या उशाशी बसत, कुणी न सांगता मळके कपडे धुऊन ठेवत. या आठवणी खोट्या नाहीत. पण त्या इतक्या वेळा सांगितल्या गेल्या की त्यांच्याखाली एक कोरडे, कष्टाचे काम झाकले गेले. गुरुजी छात्रालयासाठी एक हस्तलिखित दैनिक काढत. मुले निजल्यावर लिहायचे, सकाळी मुलांनी वाचायचे. १९२८मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू झाले, पण त्याच्या आधीची खरी तालीम या दैनिकाची आहे. ‘रोज’ या शब्दाचे वजन ज्याने वर्गपत्रिकासुद्धा चालवली आहे त्याला कळेल. वाचक तेच, काल बरोबर जेवलेले. कालचे भांडण, कालची चोरी, कालचा हट्ट त्यांना ठाऊक. अशा वाचकांसाठी अलंकारिक लिहून भागत नाही. वाक्य लहान लागते, उदाहरण घरातले लागते आणि बोच कुणाचे नाव न घेता पोचवावी लागते. साने गुरुजींच्या गद्याची जी लय पुढे लाखो घरांत गेली, ती या कागदांवर घडली असे मला वाटते.

आणि ऐकणारी मुले होती खानदेशातली. घरी अहिराणी बोलणारी, यावल-रावेरकडची असतील तर लेवा बोली बोलणारी. शाळेच्या पुस्तकातली मराठी त्यांना अर्धी परकी. सांगणारा मात्र दापोलीकडचा. ‘श्यामची आई’त निवेदक कोकणातल्या रीती, झाडे, पदार्थ थांबून समजावतो. घरच्या माणसाला घरच्या गोष्टी कुणी असे सांगत नाही. ऐकणारा परमुलखातला आहे, हे भान त्या सांगण्यात पक्के मुरलेले आहे.

धुळ्याच्या तुरुंगात याला दुसरी जोड मिळाली. १९३२च्या फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचने दिली. अठरा अध्याय, अठरा रविवार. ती टिपून घेणारा हात साने गुरुजींचा होता. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्याला मिळते ते त्या टिपणामुळे. इतके दिवस सांगणारा माणूस इथे ऐकणारा झाला. समोर श्रोते असताना एक सूत्र पुढच्या बैठकीपर्यंत कसे ताणून धरायचे, बैठक स्वतंत्र ठेवूनही मालिका कशी बांधायची, हे त्याने सलग अठरा आठवडे जवळून पाहिले, कागदावर उतरवले. पुढच्याच वर्षी, १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि मुख्य लेखन पाच दिवसांत उरकले. पाच दिवसांचा चमत्कार म्हणून ही गोष्ट सांगतात. मला त्यात चमत्कार दिसत नाही. सहा वर्षे रोज रात्री लिहिण्याची सवय आणि अठरा रविवारांचा ताजा नमुना ज्याच्यापाशी आहे, त्याला साचा शोधण्यात वेळ घालवावा लागत नाही.

हे ध्यानात घेऊन ‘अळणी भाजी’ ही रात्र पुन्हा वाचावी. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवतात, मुलेही जेवतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. कौटुंबिक प्रेमाचा हा प्रसंग पाठ्यपुस्तकी झाला आहे. पण छात्रालयाच्या पंगतीत दर दोन दिवसांनी ताट सरकवणारी पोरे डोळ्यांसमोर आणा. त्यांच्यापुढे ही गोष्ट वेगळीच वाजते. स्वयंपाक कुणीतरी केलेला असतो, एवढेच ती सांगते, आणि तेही कुणाला न रागावता. तसेच ‘श्यामचे पोहणे’. भेकड मुलाला छडी मारून विहिरीवर पाठवणारी आई स्तोत्रात बसत नाही, रडवेपणाच्या आरोपातही बसत नाही. शिकवणाऱ्याच्या कठोरपणाचा तो अभ्यास आहे.

अर्थात या साच्याची मर्यादाही इथेच आहे. बेचाळीस रात्रींत श्रोते काळजी करतात, विचारपूस करतात, डोळे पुसतात. वाद मात्र कुणी घालत नाही. गोविंदा किंवा भिका एकदाही म्हणत नाही की तुझ्या आईचे हे मला पटत नाही. अश्रू आला की चर्चा संपते. ‘धडपडणारी मुले’मध्ये स्वामींच्या छात्रालयातले नामदेव-रघुनाथ भिंतीबाहेर पडतात, देशकार्याला लागतात, पण स्वामींच्या मनाविरुद्ध जात नाहीत. इतका चांगला शिक्षक विद्यार्थ्याला ऋणात ठेवतो, आणि ऋणको सहसा प्रश्न विचारत नाही. रडवेपणाच्या आरोपापेक्षा हा आरोप मला गंभीर वाटतो. मनुष्य म्हणून गुरुजी याहून मोकळे होते. १९३०च्या शिक्षेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले, कुरल मराठीत आणले. सांगण्याइतकीच शिकण्याची हौस त्यांना होती. तो शिकणारा गुरुजी त्यांच्या कथनात क्वचितच येतो.

आपण वारसा नेमका याच दुबळ्या बाजूचा घेतला. जिल्हा परिषदेच्या शाळेतला ‘आदर्श शिक्षक’ आपण ओळखतो तो पदरमोडीवरून. पगारातून वह्या आणल्या, वर्ग स्वतः रंगवला, मुलाला घरी ठेवून घेतले. सप्टेंबरातल्या सत्कारात हेच वाचून दाखवतात आणि शेजारी हमखास साने गुरुजींची तसबीर असते. ही माणसे खरीच मोठी आहेत, पण त्यांच्या मोठेपणाआड शाळेला जे मिळायला हवे होते ते कुणी दिले नाही हा मुद्दा बिनबोभाट सुटतो. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावायला बंदी घातली आणि जनगणना, आपत्ती, निवडणुका एवढे अपवाद ठेवले. धडगाव काय, चोपडा काय, कुठल्याही शिक्षकाला विचारा, मूळ नियमापेक्षा अपवादच त्याला अधिक ठाऊक असतात.

अमळनेरच्या त्या दैनिकाला काय लागत होते? कोरा कागद, शाई आणि मुले झोपल्यानंतरचे दोन तास. कागद-शाई आज कुठेही मिळते. ते दोन तास आता पोषण आहाराचे आकडे भरण्यात जातात, आणि तालुक्याच्या गटावर माहिती ‘आजच’ मागणारा निरोप बहुधा रात्री नऊनंतरच येतो.