किराणा दुकानाच्या नावाचा बँड

एखाद्या गोष्टीचा प्रचार करत हिंडणाऱ्या माणसाला लोक सहसा दुसऱ्यांदा चहाला बोलावत नाहीत. विमा एजंट, निसर्गोपचारवाले आणि मी. त्यांच्या पिशवीत निदान उपयोगाचं काही असतं. माझ्या पिशवीत असतात दोन जुन्या रेकॉर्डी.

याला जबाबदार आमचे लंडनचे साडू. १९८० साली ते सुट्टीवर आले, तेव्हा सौ.ची अपेक्षा मिक्सरची होती. निघाला दोन रेकॉर्डींचा संच. "फार स्वस्तात मिळाला हो," साडू म्हणाले. ते आम्हाला दिसतच होतं. वर नाव होतं 'बिग स्टार'. मला वाटलं, सिनेनटांची गाणी असतील.

पाश्चात्य संगीतात माझी धाव बीटल्सपर्यंत, तीही वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या कृपेने. पण सुई टेकली आणि मी हातातला पेपर खाली ठेवला. गिटारी अशा लख्ख, की घासून पालथ्या घातलेल्या पितळी भांड्यांवर सकाळचं ऊन पडावं. दोन-तीन गळे एकमेकांत मिसळणारे, हे बीटल्सचंच देणं. पण बीटल्स ऐकून माणूस खुशीत उठतो. इथे गाणं संपलं, की घरातलं कुणीतरी काही न सांगता निघून गेल्यासारखं वाटतं. 'सप्टेंबर गर्ल्स' तीन मिनिटांचंसुद्धा नाही, पण त्यात हसू आणि हुंदका एकाच श्वासात येतात. 'थर्टीन'मधला पोरगा, शाळेतून घरापर्यंत तुला सोडायला येऊ का, एवढंच विचारतो. गाणं त्याला हसत नाही आणि त्याच्यासाठी गळाही काढत नाही. हे फार अवघड काम आहे. तेरा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिताना भल्याभल्यांचा तोल जातो.

दोषही सांगतो, नाहीतर समीक्षेची आरती व्हायची. याच संचात 'द इंडिया साँग' नावाचं एक गाणं आहे. त्यात हिंदुस्थानात येऊन जंगलातल्या मोठ्या पांढऱ्या घरात राहायची स्वप्नं आहेत. आम्ही सहा जण दोन खोल्यांत बसून ते ऐकत होतो. पांढरं घर कुठे मिळतं ते त्यांनी आम्हालाही कळवायला हरकत नव्हती.

हा बँड अमेरिकेतल्या मेम्फिसचा. अ‍ॅलेक्स चिल्टन, क्रिस बेल, अँडी हमेल आणि ड्रमवर जोडी स्टीव्हन्स. नाव घेतलं ते स्टुडिओसमोरच्या किराणा दुकानाच्या पाटीवरून. म्हणजे आपल्याकडे चार गवयांनी समोर बघून 'न्यू जनता किराणा भांडार' नाव घ्यावं तसं. १९७२ साली पहिली तबकडी काढली, तिचं नाव ठेवलं 'नंबर वन रेकॉर्ड'. पाळण्यातल्या पोराला कलेक्टरसाहेब म्हणावं, त्यातला प्रकार. समीक्षकांनी तोंडभरून स्तुती केली. १९७३ साली मेम्फिसला रॉकवर लिहिणाऱ्यांचं संमेलन भरलं, तिथे हा बँड वाजला आणि समीक्षक चक्क नाचले. समीक्षक नाचले म्हणजे संगीतात काहीतरी असलंच पाहिजे.

पण तबकड्या दुकानात पोचल्याच नाहीत. स्टॅक्स कंपनीचा वितरणाचा करार कोलंबियाशी होता, आणि त्या दोघांत बिनसलं. पत्रिका घरोघर गेल्या, पण त्यांत कार्यालयाचा पत्ताच नव्हता. बेल वैतागून बाहेर पडला. १९७४ची 'रेडिओ सिटी'ही तशीच गेली. तिसरी तबकडी चार वर्षं पडून राहून १९७८ साली निघाली. त्याच वर्षी इंग्लंडात पहिल्या दोन तबकड्यांचा एकत्र संच निघाला, तोच हा माझा. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्रिस बेल मोटार अपघातात गेला. वय २७.

ऑफिसात मी हे सगळं हेडक्लार्कना सांगितलं. ते म्हणाले, "खपलं नाही ना? मग काहीतरी असेलच हो." त्या वाक्याशी मी चाळीस वर्षं भांडतो आहे. घरी बोलावून, चहा पाजून, सुई टेकवून भांडलो. आमच्याकडची चहापूड त्याच पायी संपायची.

पुढे दिवस पालटले. बँगल्सनी १९८६ साली 'सप्टेंबर गर्ल्स' गायलं. १९९८ साली एका अमेरिकन मालिकेने त्यांचं 'इन द स्ट्रीट' शीर्षकगीत म्हणून उचललं. मध्यंतरी मी नातवाला बसवून दर्दभरी कहाणी सुरू केली, तर तो म्हणाला, "आजोबा, हे सगळ्यांना माहीत आहे." आणि त्याने फोनवर तिन्ही तबकड्या दाखवल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, नाही झाला. माझ्याच घरातून माझी वस्तू कुणी नेल्यासारखं वाटलं. उपेक्षिताचा कैवार घेण्यात आपला केवढा मोठेपणा मुरलेला असतो, ते त्या दिवशी कळलं. त्यांचं दुर्दैव हे माझं भांडवल होतं.

त्या रात्री मी कहाणी बाजूला ठेवून नुसतं 'थर्टीन' लावलं. किराणा दुकान नाही, करार नाही, अपघात नाही. गाणं तसंच उभं होतं, त्याला माझ्या वकिलीची गरज नव्हती. सौ. आतून म्हणाली, "आज भाषण नाही वाटतं? मग लावा परत एकदा."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.