चकत्यांचा अलंकारविचार

दिवाळीच्या फराळात ज्या चिप्स वाढतात, त्यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. त्या खाल्ल्या की संपतात आणि प्रश्न मिटतो. मला लिहायचे आहे ते पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी मांडायच्या गोल चकत्यांविषयी. त्यांनाही चिप्सच म्हणतात, पण त्या संपत नाहीत. संपतो तो खेळणारा.

यंदाच्या पाडव्यासाठी अशा चकत्यांची पेटी निवडण्याचे काम आमच्या घराने माझ्यावर सोपवले. "मामा, तुम्ही आयुष्यभर पुस्तकांची परीक्षणे लिहिलीत. आता या पेटीचेही एक लिहा," असे भाची म्हणाली. ती हे हसत म्हणाली खरे, पण त्या हसण्यामागे काय आहे हे दोघांनाही ठाऊक होते. तेव्हा आधी ते सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी माझा भाचा पुण्याहून पोकर शिकून आला आणि येताना पाचशे चकत्यांची झगमगीत पेटी घेऊन आला. आमच्या घरी पाडव्याला तीन पत्ती चाले, ती चिंचोक्यांवर. या चकत्यांवर मात्र मोठमोठे आकडे छापलेले होते : शंभर, पाचशे, हजार, पाच हजार, दहा हजार, शेजारी डॉलरची खूण. शंभराचा एक रुपया धरायचा असे ठरले. पहिला तासभर नुसता हशा. आयुष्यभर बसचे सुटे पैसे मोजून देणारी माणसे "घे, दहा हजार!" म्हणून चकती फेकत होती. रात्री एकच्या सुमाराला हिशेब झाला, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान आठ लाख चाळीस हजार हरले होते. सगळे पुन्हा हसले. मग कोणीतरी शंभराने भागले. आठ हजार चारशे रुपये. दिवाळीचा बोनस नुकताच हातात पडला होता, त्यातला बराचसा गेला. माजघराच्या दारात उभ्या असलेल्या बहिणीने तो भागाकार ऐकला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. तिने मला ओवाळले, पण वर पाहिले नाही. आणि ओवाळणीचे पाकीट जाताना देवघरात ठेवून गेली.

यात खेळणाऱ्याचा दोष नाही असे मी म्हणत नाही. पण मी टीकाकार आहे, आणि टीकाकाराने माणसाला बोल लावण्याआधी वस्तू पाहावी. ती पेटी मी दुसऱ्या दिवशी उघडली आणि बेरीज केली. पाच आकड्यांच्या शंभर-शंभर चकत्या. एकूण सोळा लाख साठ हजार, म्हणजे आमच्या भावाने १६,६०० रुपये. एवढी रक्कम आम्ही सतरंजीवर मांडली होती आणि घरातल्या एकालाही ती दिसली नव्हती. ती का दिसली नाही, हा माझ्या परीक्षणाचा विषय आहे.

शाळेत आपण अलंकार शिकलो. उपमेत एक वस्तू दुसरीसारखी आहे असे म्हणतात. दोन्ही वस्तू डोळ्यांसमोर राहतात. रूपकात ती दोन एकच आहेत असे म्हणतात. आणि साहित्यशास्त्रातल्या अतिशयोक्तीचा एक प्रकार असा, की त्यात उपमान उपमेयाला गिळूनच टाकते. चंद्र उरतो आणि मुख नाहीसे होते. चकती हा पैशाचा अलंकार आहे. चिंचोका ही उपमा होय. तो रुपयासारखा आहे असे आपण म्हणतो, पण तो चिंचोकाच आहे हे कोणी विसरत नाही. एका रुपयाला एक अशी बिनआकड्याची साधी चकती म्हणजे रूपक. आणि 'दहा हजार' छापलेली, डॉलर मिरवणारी चकती म्हणजे ती गिळणारी अतिशयोक्ती. तिने आमचा शंभराचा रुपया गिळला होता.

हा अलंकार पुरातन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जुगारी माणूस ज्या फाशांच्या नादाने घर, बायको आणि झोप गमावून बसतो, ते फासे म्हणजे बिभीतकाची फळे होती. आपल्या त्रिफळाचूर्णातला बेहडाच तो. कवडीची गोष्ट याहून गमतीची. सारीपाटावर कवड्या टाकून दान पाहत, आणि बाजारात त्याच कवड्या नाणे म्हणून चालत. खेळ आणि पैसा यांची अशी एकच वस्तू असल्यामुळेच 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' हे शब्द अजून आपल्या तोंडात आहेत. कवडीत काही लपत नव्हते, कारण तीच उपमान आणि तीच उपमेय होती.

मग चिंचोकेच का नकोत? कोणी म्हणेल, एवढा ऊहापोह कशाला. चिंचेखाली हवे तेवढे सापडतात. तेच तर त्यांचे वैगुण्य. ज्याच्या खिशात आणखी मूठभर आहेत तो सावकार होतो. उलट कोणी म्हणेल, रोख नोटाच मांडा, म्हणजे भ्रमच नको. पण रोखीत सुट्याची रड असते, आणि कोणाच्या पाकिटात किती आहे हे साऱ्या घराला दिसते. चकतीचा मोठा गुण असा, की ती सगळ्यांना सारख्या ढिगापासून सुरुवात करू देते. मोठ्या पगाराचा भाऊ आणि नुकता नोकरीला लागलेला भाचा सतरंजीवर सारखे होतात. हा गुण मला सोडायचा नव्हता. घालवायचा होता तो फक्त भ्रम.

म्हणून गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंत दुकाने हिंडलो. पाहिलेल्या मालाचे परीक्षण थोडक्यात देतो. सर्वांत स्वस्त चकत्या पातळ प्लास्टिकच्या. त्या इतक्या हलक्या, की पंखा लावला की डाव उडतो. आणि हातात वजन लागत नाही तेव्हा मनालाही लागत नाही. त्यांच्यावरची जात साडेअकरा ग्रॅमची. तिच्या पोटात धातूची चकती असते आणि बाहेर प्लास्टिकचे कवच. विक्रेते तिला मातीची म्हणून नावाजतात, पण नावापलीकडे तिच्यात माती क्वचितच असते. तिच्याहून जड, साडेतेरा-चौदा ग्रॅमचीही मिळते. पण जड ती चांगली हा समज खोटा आहे. मोठ्या कॅसिनोंतल्या खऱ्या मातीच्या चकत्या बहुधा दहा ग्रॅमच्या आसपासच भरतात. सिरॅमिकच्या चकत्या सर्वांत देखण्या. त्यांचा आवाज मंद, स्पर्श खरखरीत आणि किंमत आमच्या घराला न पेलणारी. व्यास बहुतेकींचा ३९ मिलिमीटर, म्हणजे तळहातात नीट बसणारा.

रंगाकडे मी अधिक लक्ष दिले. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या ग्रंथात लयीची तीन तत्त्वे सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. चकत्यांच्या पेटीला मी ती लावून पाहिली तर मर्ढेकर रागावणार नाहीत असे वाटते. रंगांत विरोध हवा; निळा आणि जांभळा शेजारी ठेवणारा कारखानदार रात्रीच्या दिव्यात म्हातारे डोळे कसे पाहतात हे जाणत नाही. आकारात संवाद हवा, म्हणजे वीस-वीसची चळत सरळ उभी राहते आणि बाजूनेच मोजता येते. आणि किमतींत समतोल हवा. एकाला पाच, पाचाला वीस, एवढ्या तीन पायऱ्या घराला पुरेत. पाच पायऱ्यांच्या पेटीत बेरीज करणारा एकटा आणि भुलणारे दहा असतात.

या खटाटोपात एक दिवस मी वेरूळला गेलो. आपल्या शहरापासून ते तीसेक किलोमीटरवर. पण चकत्या निवडताना तिथे जावेसे वाटले याचे कारण आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात, आणि त्या द्यूताचे मूळ खेळाडू शिव आणि पार्वती वेरूळच्या दगडात आजही खेळत आहेत. रामेश्वर लेण्यात ते आहेत, धुमार लेण्यात आहेत आणि चौदाव्या, 'रावण की खाई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यातही आहेत. या चौदाव्यातल्या शिल्पासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. समोरासमोर दोघे, शिवामागे गणपती, मधोमध हाडांचा सापळा झालेला भृंगी डाव पाहतो आहे, खाली नंदी आणि त्याच्याभोवती खोड्या काढणारे गण. पुराणे सांगतात की शिव चंद्रकोर हरला, नाग हरला, अंगावरचे वस्त्रही हरला. शिल्पकाराने मात्र ही जिंकलेली मालमत्ता कुठे मांडलेली मला दिसली नाही. त्याने कोरले आहे ते घर : नवरा, बायको, मुलगा, लुडबुडणारी पोरे आणि दारातले जनावर. डावावर काय आहे यापेक्षा डावाभोवती कोण आहे हे त्याला महत्त्वाचे वाटले. आमच्या गेल्या वर्षीच्या बैठकीत नेमके उलटे झाले होते. सतरंजीवरचे आकडे सगळ्यांना दिसत होते. दारात उभी असलेली बहीण कोणालाच दिसत नव्हती.

आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या नावाने कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद गाजला. पत्त्यांच्या बाबतीतही तसाच प्रश्न आहे : खेळासाठी पैसा की पैशासाठी खेळ? थोडा पैसा लावल्याखेरीज पोकरला चव येत नाही हे मी कबूल करतो. फुकटच्या चकत्यांवर कोणीही सर्वस्व लावतो. मग थाप मारण्यात आणि ती ओळखण्यात राम उरत नाही. पण मीठ म्हणून जे घालायचे त्याचेच जेवण करू नये.

पैशाचा खेळ झाला म्हणजे काय होते, याचे दोन दाखले आपल्या वाङ्मयात आहेत. 'मृच्छकटिका'तला संवाहक दहा सुवर्ण हरतो, देता येत नाहीत म्हणून पळत सुटतो, आणि जुगाराच्या अड्ड्याचा चालक त्याच्या मागे लागतो. जिथे डावातून घरमालकाला वाटा जातो, जुन्या भाषेत नाल काढली जाते, तिथे खेळ संपून धंदा सुरू होतो. १८८७ च्या आपल्या जुगारप्रतिबंधक कायद्यानेही अड्डा ओळखताना चालवणाऱ्याच्या नफ्याकडेच बोट दाखवले आहे. दुसरा दाखला युधिष्ठिराचा, आणि तो माझ्या सिद्धांतावरच उलटणारा आहे. युधिष्ठिर प्रत्येक पण नाव घेऊन लावतो : मोती, सोने, हत्ती, भाऊ. त्याच्या डावात अतिशयोक्ती नाही. सगळे उघड आहे. तरी तो सर्वस्व हरला. म्हणजे पैसा नुसता दिसून भागत नाही. त्याला काठही हवा. द्यूतसभेत काठ नव्हता.

आणि अलीकडे तर चकतीला अंगही उरले नव्हते. मोबाइलच्या पडद्यावर ती चमके आणि नाहीशी होई. तिला वजन नाही, पेटी नाही, म्हणून शेवटही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. घरातल्या सतरंजीसाठी संसद बसणार नाही. तिथे काठ आपणच घालायचा असतो.

तेव्हा निवाडा असा. साडेअकरा ग्रॅमच्या तीनशे चकत्या, आकडा एकीवरही नाही : दीडशे पांढऱ्या, शंभर तांबड्या, पन्नास हिरव्या. पांढरी एक रुपयाची, तांबडी पाचाची, हिरवी विसाची. सहा जणांना प्रत्येकी पंचवीस पांढऱ्या, पंधरा तांबड्या, पाच हिरव्या, म्हणजे दोनशे रुपये. दोनशे संपले तर एकदाच पुन्हा मागता येईल. पेटीत उरलेल्यांतून फक्त दोघांना पुरते, तिसऱ्याने फराळ वाढायला उठावे. जिंकणाऱ्याकडून उसने घ्यायचे नाही. साऱ्या पेटीची बेरीज १,६५० रुपये, आणि एका माणसाचे जास्तीत जास्त नुकसान चारशे. ही बेरीज मी झाकणाच्या आतल्या बाजूला शाईने लिहून ठेवली आहे. झाकण उघडे असेपर्यंत ती सगळ्यांच्या समोर राहील. पेटी देखणी नाही. दुकानदारानेही, "साहेब, आकडेवाली घ्या, मजा येते," असे दोनदा सुचवून पाहिले.

काल बहिणीला फोन केला. पेटीचा हिशेब आणि किल्ली यंदा तू सांभाळशील का, असे विचारले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"किती रुपयांची आहे सगळी पेटी?" तिने विचारले.

"सोळाशे पन्नास."

"एकूण?"

"एकूण."

"मग येते," ती म्हणाली. "आणि दादा, गेल्या वर्षीचं पाकीट देवघरातच असेल ना? ते ठेव. भाऊबीजेला घेईन."